पाव टनाची गाडी, पस्तिसाव्या हिश्श्यात

वाळवंटी मोहिमांसाठी वापरल्या जाणाऱ्या हलक्या लष्करी वाहनांना चिलखत नसते. बहुधा दारे आणि छप्परही नसते. बचावासाठी त्यांच्यापाशी वेग, अंतर आणि धूळ एवढेच असते. त्यामुळे अशा वाहनाचे लहान मापातले मॉडेल करताना सगळेच उघड्यावर येते: आसने, गिअरचे दांडे, पाण्याचे डबे, गुंडाळलेली ताडपत्री, काडतुसांचे पट्टे. रणगाड्याचे मॉडेल बाहेरून नीट झाले की बरेचसे काम उरकते. जीपचे मॉडेल आतून आणि खालूनही पुरे करावे लागते. ते खरे वाटते की नाही, हे मुख्यतः त्या गाडीवर किती ओझे आहे आणि तिने ते कसे पेलले आहे यावर ठरते.

या वाहनांची परंपरा राल्फ बॅग्नोल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यापासून सांगितली जाते. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात त्याने फोर्डच्या साध्या मोटारी घेऊन लिबियाचे वाळवंट पालथे घातले, आणि १९४० मध्ये इजिप्तमध्ये ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ ही तुकडी उभी केली. तिचे मुख्य वाहन होते शेव्हरोलेचा दीड टनी ट्रक, तोही केवळ मागच्या दोन चाकांना इंजिनाची ताकद मिळणारा. त्याची दारे, टप आणि पुढची काच काढून टाकली जात असे. रेडिएटरमध्ये उकळून उठणारी वाफ एका नळीने अर्धवट भरलेल्या डब्यात सोडायची, म्हणजे ती तिथे थंड होऊन पाणी परत मिळे. बाजूला भोके पाडलेल्या लांबट पोलादी पट्ट्या बांधलेल्या असत. चाक रुतले की त्या खाली सरकवायच्या. दिशेसाठी सावलीवर चालणारे सूर्य-होकायंत्र असे. हे सगळे तपशील मॉडेलमध्ये दिसायलाच हवेत. वाफेचा डबा विसरला, तर वाळवंटी ट्रक आणि बाजारातला मालट्रक यांत फारसा फरक उरत नाही.

या तुकडीच्या जोडीने भारतीय शिपायांचे ‘इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन’ही काम करत होते. भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांमधले जाट, रजपूत, शीख आणि पंजाबी मुसलमान जवान त्यात होते. मॉडेल करणाऱ्यांच्या जगात ही तुकडी फार उपेक्षित आहे. किटच्या खोक्यांवर बहुतेक न्यूझीलंडचे किंवा ब्रिटिश चेहरेच दिसतात.

१९४२ मध्ये ‘स्पेशल एअर सर्व्हिस’ या तुकडीने अमेरिकन जीप हाती घेतली. विमानांवरून उतरवलेल्या व्हिकर्स-के मशीनगन तिच्यावर जोडीने बसवल्या आणि इंजिनाला हवा लागावी म्हणून पुढच्या जाळीच्या पट्ट्या कापून टाकल्या. २६ जुलै १९४२ च्या रात्री अशा १८ जीप सिदी हनेशच्या विमानतळावर चालून गेल्या. जगभर सर्वांत जास्त मॉडेल्स याच जीपची होत असावीत.

भारतातली गोष्ट मुंबईत सुरू होते. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढच्याच वर्षी तिचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. १९५० च्या दशकापासून सीजे-३बी हे मॉडेल इथे रुजले आणि तेच सेनेची पाव टनी गाडी बनले. या जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ बसली तेव्हा भारतीय पायदळाला रणगाड्यावर मारा करणारे चपळ साधन मिळाले. १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागात अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरून पॅटन रणगाडे टिपले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. ती जागा मात्र वाळवंट नव्हती, पंजाबातली पिकांनी भरलेली जमीन होती. खरे वाळवंट आले १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात. डिसेंबरच्या सुरुवातीला लोंगेवाला चौकीवर मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांच्या कंपनीच्या हाती जीपवरची रिकॉइललेस तोफ होती. त्याच काळात जयपूरचे लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांच्या १० पॅरा कमांडो तुकडीने हलक्या वाहनांतून सीमेपलीकडे खोलवर जाऊन छाछरोवर छापा घातला. जीपची थोरली बहीण म्हणजे जोंगा. निस्सान पेट्रोलवर बेतलेली ही गाडी जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून तीस वर्षे तयार होत होती.

मॉडेलचे माप ठरवणे हे पहिले काम. लष्करी वाहनांसाठी १:३५ हे प्रमाण सर्वाधिक चालते. त्यामागे कुठलेही गणिती कारण नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचे किट काढले, तेव्हा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून जे माप आले तेच पुढे रूढ झाले. या प्रमाणात साडेतीन मीटरहून थोडी कमी लांबीची जीप सुमारे ९५ मिलिमीटरची होते. चाक जेमतेम २० मिलिमीटर व्यासाचे, २० लिटरचा जेरीकॅन १३ मिलिमीटर उंच. १:७२ मध्ये अख्खी जीप काडेपेटीवर उभी राहते. त्या मापात तपशील कोरण्यापेक्षा सुचवावेच लागतात.

बाजारात विलीज एमबीची, म्हणजे महायुद्धातल्या मूळ जीपची, किट सहज मिळतात. भारतीय सीजे-३बी त्यातून बदल करून घडवावी लागते. सगळ्यात मोठा बदल बॉनेटचा. सीजे-३बीच्या इंजिनाला उंची जास्त लागत असल्याने तिचे बॉनेट मूळ जीपपेक्षा दहाबारा सेंटिमीटर वर असते, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण ३ मिलिमीटर. एमबीच्या पुढच्या जाळीला नऊ खाचा असतात, सीजे-३बीला सात. या खाचा मोजणारा प्रेक्षक प्रत्येक प्रदर्शनात असतोच.

किटचे प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. ते चिकटवायचे द्रावण गोंदासारखे काम करत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवते आणि उडून जाताना त्यांना एकजीव करते. जळगावात हे तत्त्व वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जैन इरिगेशनच्या पाइपांनी आणि औद्योगिक वसाहतीतल्या चटई कारखान्यांनी या शहराची प्लास्टिकशी जुनी ओळख करून दिलेली आहे, आणि शेतात पीव्हीसी पाइप सॉल्व्हंट सिमेंटने जोडणारा माणूस रोज हेच करत असतो. फरक एवढाच की पाइपाला द्रावण लागते सढळ हाताने. मॉडेलला बारीक कुंचल्याच्या टोकावरचा एक थेंब पुरतो. दोन भाग कोरडेच जुळवून धरायचे आणि थेंब फटीला टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. पाइपाचे सिमेंट इथे वापरू नये. पातळ भाग ते खाऊन टाकते.

जाडी ही या कामातली खरी अडचण. किटमधला प्लास्टिकचा पत्रा साधारण १ मिलिमीटर जाड असतो. पस्तीसपट मोठा केला तर तो साडेतीन सेंटिमीटरचा होतो. एवढ्या जाड पत्र्याची जीप म्हणजे चिलखती गाडीच. म्हणून मडगार्ड, बाजूच्या कडा, काचेची चौकट यांची दिसणारी कड आतून पॉलिश पेपरने घासून पातळ करावी लागते, किंवा तो भाग थंड पेयाच्या डब्याच्या ॲल्युमिनियममधून नव्याने कापावा लागतो. औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीचा वर्ख बिजागऱ्या आणि पट्ट्यांना चालतो. बंदुकीच्या नळीला इंजेक्शनची सुई, ब्रेकच्या नळ्यांना मोटर-वाइंडिंगची तांब्याची तार, रेडिएटरच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा, फटी बुजवायला एम-सील. यातली कुठलीही वस्तू मिळवायला धुळ्याच्या किंवा जळगावच्या बाजारपेठेबाहेर जावे लागत नाही. आयात किटचा खर्च टाळून सगळी गाडीच सनबोर्ड आणि पत्र्यातून उभी करणाऱ्याला मात्र सरळ कापण्याचा हात आधी कमवावा लागतो.

बांधणीचा क्रम खालून वर जातो: चासी, पाटे, ॲक्सल, मग बॉडी, मग तोफ, शेवटी सामान. यातले पाटे जपून पाहावेत. जीपच्या नावातला ‘पाव टन’ हा तिच्या खडतर वाटेवरच्या वजनक्षमतेचा आकडा आहे, म्हणजे अंदाजे अडीचशे किलो. १०६ मिलिमीटरची तोफ एकटीच २०९ किलोची. तिचा एकेक गोळा सोळा-सतरा किलोचा. असे सहा गोळे घेतले तर शंभर किलो आणखी. वर तीन माणसे, पाणी, पेट्रोल, वायरलेस. बेरीज पाचशेच्या पुढे सहज जाते. अशा जीपचे पाटे बसलेले असतात, मागचा भाग खाली झुकलेला असतो, टायर जमिनीपाशी फुगलेले असतात. किट तयार करणारे मात्र पाटे रिकाम्या गाडीचे देतात. त्यामुळे सूचनापत्राप्रमाणे जोडलेली आणि मग सामानाने लादलेली जीप ओझे नसल्यासारखी ताठ उभी राहते.

बसलेले पाटे कसे दिसतात हे पाहायला खानदेशाइतकी चांगली शाळा नाही. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री या भागांत आठवडे बाजाराच्या दिवशी काळी-पिवळी जीप आत बसलेले, मागे लोंबकळणारे आणि टपावर चढलेले प्रवासी घेऊन निघते. तेव्हा पाट्यांची कमान जवळजवळ सरळ झालेली असते आणि मागच्या चाकांवरची फट नाहीशी झालेली असते. मॉडेलमध्ये हाच परिणाम साधण्यासाठी पाट्याची कमान किंचित कापून ॲक्सल मिलिमीटरभर वर सरकवतात आणि टायरचा तळ अर्धा मिलिमीटर घासून सपाट करतात.

तोफेची लांबी ३.४ मीटर, म्हणजे ती जीपएवढीच लांब. म्हणून नळी पुढे रोखून ठेवता यावी यासाठी काचेच्या चौकटीला मधोमध खाच असते. नळीच्या वर नेम जुळवणारी एक छोटी बंदूक असते. किटमध्ये ती बहुधा ओबडधोबड येते आणि सुईतून पुन्हा करावी लागते. रिकॉइललेस तोफेचा धक्का मागे सुटणाऱ्या वायूने तोलला जातो. त्यामुळे तोफेच्या थेट मागे उभा केलेला शिपाई ही मॉडेलमधली अक्षम्य चूक. गोळीबाराचे दृश्य करायचे असेल तर जीपमागची वाळू फेकली गेलेली दाखवावी.

सामान हा या कामाचा सर्वांत रसाळ भाग आणि वेळही त्यातच सर्वाधिक जातो. आफ्रिकेतल्या ट्रकांसाठी जेरीकॅनपूर्वीचे चार गॅलनचे पातळ पत्र्याचे डबे करावे लागतात. भारतीय घरांत रॉकेलसाठी वर्षानुवर्षे वापरलेला चौकोनी डबा त्याच कुळातला. ताडपत्री आणि पथाऱ्या पातळ केलेल्या फेविकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यू कागदाच्या होतात. ओल्या असतानाच दोऱ्याने आवळल्या की वजनाने पडणाऱ्या चुण्या आपोआप येतात. दारूगोळ्याच्या पेट्या आणि काडतुसे यांची तर जळगाव जिल्ह्याशी थेट सोयरीक आहे. भुसावळचा आयुध कारखाना १९४९ पासून लष्करी डबे-पिंपे बनवत आला, आणि १९६४ मध्ये सुरू झालेल्या वरणगावच्या कारखान्यात छोट्या शस्त्रांची काडतुसे तयार होतात. ७.६२ मिलिमीटरचे अखंड काडतूस सुमारे ७१ मिलिमीटर लांब असते. १:३५ मध्ये ते बरोबर २ मिलिमीटरचे होते, जाडी एक तृतीयांश मिलिमीटर. तांब्याच्या तारेचे असे तुकडे चिमट्याने एकेक करून कागदी पट्टीवर चिकटवले की मशीनगनचा पट्टा तयार होतो. दोनशे काडतुसांचा पूर्ण पट्टा करण्याची हौस कोणी सहसा दुसऱ्यांदा करत नाही. बाकीचा पट्टा पेटीत आहे असे दाखवून झाकण लावून टाकणे शहाणपणाचे.

रंगकामात खानदेशचे हवामान आपला वाटा मागते. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा एअरब्रशमधून निघालेला रंग मॉडेलवर पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभागावर खरखरीत भुकटी बसते. उपाय सोपा आहे: पहाटे रंगवावे, थिनर सावकाश उडणारे घ्यावे, ब्रश जवळ धरावा. पावसाळ्यात उलटे होते. दमट हवेत लॅकर रंगावर पांढुरकी झाक चढते. भारतीय जीपचा पाया हिरव्या रंगाचा. त्यावर वाळूरंगाचे अनियमित पट्टे येतात, आणि वर धूळ. धुळीसाठी मुलतानी माती आणि थोडी पिवडी उत्तम. ती चाके, पायऱ्या आणि मागच्या बाजूला दाट असावी, माणसांचे हात-पाय जिथे सतत लागतात तिथे पुसलेली. नंबरपट्टीकडे विशेष लक्ष द्यावे. सेनेच्या वाहनावर वर रोखलेला बाण आणि त्यानंतर वर्षाचे दोन अंक असतात. १९७१ च्या लढाईतल्या जीपवर ७४ हा आकडा आला तर उरलेली सगळी मेहनत वाया जाते.

छायाचित्रांवरून मापे काढताना फसगत होते, म्हणून खरी वाहने पाहावीत. सर्वांत जवळची जागा म्हणजे अहिल्यानगरचे रणगाडा संग्रहालय. धुळ्याहून मालेगाव, मनमाड, कोपरगाव मार्गे तिथे जाता येते. तिथला भर रणगाड्यांवर आहे, पण सिल्व्हर घोस्टच्या चासीवरची जुनी रोल्स-रॉइस चिलखती गाडी वाळवंटी वाहनांच्या अभ्यासकाने चुकवू नये. चासी, पाटे आणि स्टिअरिंगसाठी मात्र जुन्या जीपची दुरुस्ती करणारे कुठलेही गॅरेज संग्रहालयापेक्षा उपयोगी. तिथे गाडी खोललेली दिसते.

शेवटचे काम मॉडेल ज्या लाकडी पाटावर बसवायचे त्यावरच्या जमिनीचे. गिरणेची किंवा तापीची वाळू हाताशी असली तरी दोन कारणांनी चालत नाही. ती बेसाल्ट खडकाची, म्हणून काळपट; थरची वाळू मुख्यतः गारेची आणि पिवळसर. दुसरे कारण कणाच्या आकाराचे. ०.३ मिलिमीटरचा वाळूचा कण १:३५ मध्ये सेंटिमीटरभर जाडीचा खडा ठरतो. म्हणून पांढरी रांगोळी वस्त्रगाळ करून तीत पिवडी आणि चिमूटभर गेरू मिसळतात. पाटावर आधी एम-सीलचा किंवा कागदाच्या लगद्याचा उंचसखल थर द्यायचा, तो ओला असतानाच सुट्या चाकाने चाकोऱ्या उमटवायच्या, मग पातळ फेविकॉल लावून ही भुकटी चाळणीने भुरभुरवायची. चाकोरीची खोली पाट्यांच्या झुकावाशी जुळली पाहिजे. पाचशे किलो लादलेली जीप वाळूवर तरंगत नाही. जीप पाटावर चिकटवून झाली की चाकांच्या पुढे-मागे थोडी भुकटी पुन्हा लोटायची, आणि लगेच काचेची पेटी वर ठेवायची. खानदेशच्या उन्हाळ्यातली धूळ मापात बसणारी नसते.