घरची वीज – भाग ७ : कुलूपबंद घरातली बॅटरी

गणपतीच्या आदल्या दिवशी रोह्याचं घर उघडलं. पेणहून आणलेली मूर्ती पाटावर ठेवली, तोंडावरचा रुमाल अजून तसाच होता, आणि वीज गेली. इन्व्हर्टर लावला तर मिनिटभर दिवा पेटला आणि मग नुसतं टूं टूं. बॅटरी दीडशे अँपिअर-तासांची, जेमतेम दोन वर्षांची. लाल टर्मिनलवर पांढरट हिरवी बुरशी चढली होती. मेस्त्रीने झाकणं उघडून ग्रॅव्हिटी काढली. बाराशे चाळीसच्या आसपास हवी, ती साडेअकराशेच्याही खाली. ‘सल्फेट धरलंय,’ एवढंच म्हणाला.

चूक माझीच होती. जूनच्या सुरुवातीला निघताना शहाणपणाने मेन स्विच पाडला, इन्व्हर्टरचं बटण मात्र चालूच राहिलं. त्याला वाटलं, वीज गेली! घरात एक दिवा लागलेला नसला तरी तो स्वतःच्या पोटापुरती वीज बॅटरीतून ओढत राहतो. बारा वॅट धरा. बारा व्होल्टच्या बॅटरीतून तो झाला एक अँपिअर, म्हणजे दिवसाला चोवीस अँपिअर-तास. दीडशेचा साठा सहा दिवसांत साफ. आम्ही परतलो तीन महिन्यांनी.

बॅटरी उतरते तेव्हा प्लेटांवर शिशाचं सल्फेट बसतं. त्यात वावगं काही नाही, लगेच चार्ज केली की ते विरघळतं. पण तसंच राहिलं तर त्याचे खडे होतात आणि मग चार्जरलाही ते दाद देत नाहीत. बॅटरी पडून राहिल्याने मरत नाही, रिकामी पडून राहिल्याने मरते. युरोपात फिरत्या घरांच्या गाड्या हिवाळाभर उभ्या असतात, तिथेही हेच दुखणं. वर आणखी एक भीती : रिकाम्या बॅटरीतलं आम्ल पाणचट झालेलं असतं, ते गोठून डबाच फुटतो. आपल्याला ती भीती नाही, आपल्याकडे ओल आहे. आणि उष्म्यात बॅटरी आपसूकही लवकर उतरते.

मग मेन चालूच ठेवावा का? मला नाही पटत. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगडात कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. मेन चालू असून काय उपयोग? शिवाय विजा कडाडतात ते वेगळंच.

तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री बॅटरी पूर्ण चार्ज करा. सकाळी डिस्टिल्ड वॉटर फ्लोटच्या हिरव्या खुणेपर्यंत घाला; विहिरीचं नको, पागोळीचंही नको, त्यातले क्षार प्लेटांना बाधतात. इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढा. मग आधी काळी तार सोडवा, नंतर लाल. जोडताना याच्या उलट. टर्मिनल पुसून व्हॅसलीन लावा. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते म्हणतात, ते जुन्या डब्यांच्या काळातलं. आताच्या प्लॅस्टिकच्या डब्याला फरशीचं काही वाटत नाही. शेजारी कुणी जाणतं असेल तर महिन्या-दीड महिन्याने एक रात्र चार्जिंगला लावायला सांगा, खिडकी उघडी ठेवून. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

नवी बॅटरी घेतल्यावर मी हे सगळं केलं, फक्त शेजाऱ्यांना तसदी दिली नाही. यंदा दार उघडल्यावर आधी मीटर लावला. साडेबारा व्होल्ट.

पुढच्या आठवड्यात : ग्रॅव्हिटी कशी पाहायची.