तारापूरची गोळी : ठासणीच्या बंदुकीचें शिसें, सांचा व नेम

इ. स. १७३९ च्या जानेवारींत (शके १६६०) चिमाजी आप्पांच्या फौजेनें तारापूरच्या कोटास सुरुंग देऊन हल्ला केला, त्या प्रसंगीं बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्यांच्या मातोश्रींस बाजीराव पेशव्यांनीं लिहिलेलें सांत्वनाचें पत्र वाचकांच्या परिचयाचें आहेच. त्या हिंवाळ्यांत केळवें-माहीम, तारापूर, अशेरी हीं स्थळें एकामागून एक मराठ्यांकडे आलीं, आणि मे महिन्यांत वसई पडली. या मोहिमेचा वृत्तांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांवरून व कै. य. न. केळकर यांच्या 'वसईची मोहीम' (१९३७) या ग्रंथावरून आतां पुरेसा स्पष्ट झाला आहे. परंतु ज्या गोळीनें इतका मोठा सरदार गेला, ती वस्तु काय होती, कोणी व कशी घडविली होती, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाहीं. कागद वाचणारे 'दारू, शिसें' हे शब्द ओलांडून पुढें जातात, आणि जुन्या वस्तु जमविणारे गोळी डबींत टाकून मोकळे होतात.

प्रथम शब्दाचा खुलासा. तोफेचा तो गोळा व बंदुकीची ती गोळी, हा भेद कागदांत बहुधा पाळलेला असतो. गोळ्याचें वजन शेरांत सांगतात. गोळीचें सांगतच नाहींत. तिच्याऐवजीं शिसें किती पाठविलें तें लिहिलेलें आढळतें, आणि यांतच मर्म आहे. तोड्याची बंदूक करणारा लोहार प्रत्येक नळी स्वतंत्र घडवी. लोखंडाची पट्टी पिळून, जोडून, आंतून घांसून काढलेल्या दोन नळ्यांचें तोंड अगदीं एकसारखें उतरणें शक्य नव्हतें. म्हणून बंदुकीबरोबर तिचा सांचाही असे. आणि ठाण्यावर तयार गोळ्यांपेक्षां शिशाच्या लाद्या पाठविणें सोईचें पडे. ज्याची बंदूक, त्यानें आपल्या सांच्यांत आपली गोळी ओतावी, अशी ती रीत होती. आपल्या प्रांतीं शिशाची खाण नसल्यामुळें हें शिसें बहुतेक बंदरांतूनच येई. शिवछत्रपतींनीं सुरतेच्या फ्रेंचांकडून तोफांबरोबर बंदुकांपुरतें शिसेंही घेतलें, असें ऑर्मनें नमूद केलें आहे.

सांचा म्हणजे सांडशीसारखी दोन पात्यांची जोडी. कांहीं ठिकाणीं दगडाचेही सांचे होते. दोन्हीं पात्यांत अर्ध्या गोळीचा खळगा, व वरच्या बाजूस शिसें ओतण्याची वाट. शिसें सुमारें ३२७ अंश उष्णतेवर वितळतें, म्हणजे साध्या चुलीवर लोखंडी पळींत त्याचें पाणी होतें. हाच त्याचा मोठा गुण. लोखंडाची गोळी छावणींत कोणी करूं शकला नसता. पण शिसें थिजतांना आंखडतें. सांचा थंड असला तर गोळीवर सुरकुत्या पडतात. ओतणाऱ्यानें हात आंखडला तर आंत पोकळी राहते. शिशाची वाट जेथें थिजते तेथें देंठ उरतो, तो कापून काढावा लागतो. आणि दोन पात्यांच्या सांध्याची बारीक शिवण गोळीच्या भोंवतीं फिरते. देंठाची खूण व शिवण हीं दोन चिन्हें संग्राहकानें प्रथम पाहावीं. तीं असलीं तर वस्तु ओतीव आहे. देंठ नीट घांसलेला असला तर ओतणारा काळजी घेणारा होता, एवढेंही म्हणतां येतें.

आतां नेमाची गोष्ट. गुळगुळीत नळींतून जाणारी गोळी नळीहून लहान असली तर ती आंत एका बाजूस आपटून दुसऱ्या बाजूस जाते, आणि शेवटीं ज्या बाजूस आपटेल त्याच्या उलट दिशेस झुकून बाहेर पडते. शिवाय तिला भोंवरा येतो, व तो प्रत्येक वेळीं वेगळा. या भोंवऱ्यामुळें गोळी हवेंत वळते, हें बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें तोफविद्येवरील आपल्या ग्रंथांत १७४२ सालीं, म्हणजे तारापूर पडल्यावर तीनच वर्षांनीं, मांडलें. गोळींत पोकळी एका अंगास असली तर भारमध्य बाजूला सरतो आणि चूक आणखी वाढते. उपाय दोनच : गोळी भरीव व वाटोळी हवी, आणि नळींत ती घट्ट बसली पाहिजे. घट्ट बसण्यासाठीं कापडाच्या चिंधींत गोळी गुंडाळून गजानें ठासीत. जमिनींत सांपडलेल्या कांहीं गोळ्यांवर त्या कापडाच्या विणीचा ठसा अद्याप दिसतो.

पण घट्ट गोळी ठासण्यास वेळ लागतो, आणि दोनचार बार झाल्यावर नळींत दारूची राख सांचून ती उतरेनाशी होते. म्हणून पलटणीच्या शिपायास मुद्दाम सैल गोळी देत. इंग्रजी मस्केटीची नळी पाऊण इंचाची, पण गोळी सुमारें सात दशांश इंचाची. ती झरझर ठासतां येई. नेम गेला तरी चालेल, रांगेनें शंभरांनीं एकदम झाडावें, हा त्यामागचा हिशेब. उलट तटावर किंवा मोर्च्यांत बसलेल्या तोडेवाल्यास घाई नसे. आपल्याच सांच्याची, नळीच्या मापाची गोळी, लांब नळी व टेंकू यांच्या बळावर तो दूरचा माणूस निवडून मारूं शके. एतद्देशीय तोड्याची बंदूक आपल्या मस्केटीहून लांब मारते असें इंग्रजांनींच लिहून ठेवलें आहे. 'तोड्याची बंदूक म्हणजे नुसता आवाज' हें जें शालेय पुस्तकांतून आपल्या मनांत बसलें आहे, तें आमच्या मतें टाकून द्यावें. तोडा पेटता राखणें, रंजक वाऱ्यापावसापासून सांभाळणें, हे दोष खरेच. समुद्रकांठच्या दमट हवेंत दारू ओली होणें हा आणखी एक. आज्ञापत्रांत दारू वरचेवर बाहेर काढून वाळविण्याची ताकीद आहे ती यामुळेंच. परंतु हे दोष बार उडण्या-न उडण्याचे आहेत, नेमाचे नव्हेत.

सांपडलेली गोळी कोणत्या जातीच्या बंदुकीची, हें कसें ओळखावें? व्यास मोजून नव्हे, कारण आपटलेली गोळी चपटी झालेली असते. तिचें वजन करावें. शिशाचें घनत्व पाण्याच्या ११.३४ पट आहे, त्यावरून मूळचा व्यास निघतो. एक तोळा (११.६६ ग्रॅम) वजनाची गोळी मूळची साडेबारा मिलिमीटर व्यासाची असली पाहिजे, दोन तोळ्यांची पावणेसोळा. वर सांगितलेल्या इंग्रजी गोळीचें वजन सुमारें पावणेतीन तोळे भरतें. वजन व्यासाच्या घनाप्रमाणें बदलतें, म्हणून व्यासांत थोडा फरक असला तरी वजनांत तो ठळक दिसतो : व्यास एक दशांशानें उणा झाला तर वजन चौथाईहून अधिक घटतें. मात्र १८० ग्रेनांचा तोळा १८३३ सालीं ठरला. पेशवाईंतील तोळे ठिकठिकाणीं थोडे वेगळे होते, तेव्हां जुन्या यादींतील वजनें ग्रॅमांत करतांना सांभाळावें. आणि एकाच ठिकाणच्या पांचपन्नास गोळ्यांचीं वजनें एका आंकड्याभोंवतीं गोळा झालीं, तर तेथें एका मापाच्या बंदुका असलेली पलटण होती. पसरलेलीं निघालीं, तर ज्याची त्याची बंदूक व ज्याचा त्याचा सांचा. तारापूर, शिरगांव व माहीम येथील गोळ्या अशा मांडून पाहिल्या तर आंतला व बाहेरचा मारा वेगळा करण्यास साधन मिळेल.

येथें एक धोका सांगणें अवश्य आहे. तारापूर-चिंचणीपासून डहाणूपर्यंतचा किनारा मासेमारीचा. जाळ्यांना शिशाचे मणी लावण्याची चाल आहे. खाडींत सांपडलेला शिशाचा प्रत्येक मणी पोर्तुगीजांची गोळी ठरवून ठेवल्याचें आम्हीं पाहिलें आहे. जाळ्याच्या मण्यास आरपार भोंक असतें किंवा दोरी धरण्यास चीर असते. गोळीस तें नसतें. उलट प्रकारही संभवतो : जुनी गोळी सांपडली कीं ती वितळवून जाळ्यास जाते किंवा भंगारांत विकली जाते. पालघर, बोईसर या बाजूस गेल्या पन्नास-साठ वर्षांत कारखाने, रस्ते व वसाहती यांसाठीं इतकी जमीन उकरली गेली कीं, अशा किती वस्तु मातीबरोबर गेल्या याची गणती नाहीं.

दुसरी चूक प्रस्तुत लेखकानें स्वतः केलेली आहे. पहिली गोळी हातीं आली तेव्हां तिच्यावरचा पांढरट थर मळ समजून ती राखेनें घांसून चकचकीत केली. तो थर शिशाचाच गंज होता, व त्याखालीं गजाच्या दाबाची कडी किंवा कापडाचा ठसा राहिलेला असतो. घांसल्यावर तो परत येत नाहीं. शिवाय ती भुकटी विषारी. गोळी मऊ कागदांत गुंडाळून, सांपडलेली जागा, खोली, तारीख व वजन लिहून ठेवावी, धुऊं नये. सांचा मिळाला तर तो बंदुकीपासून वेगळा करून विकूं नये. जोडी फुटली कीं दोहोंची साक्ष गेली.

सांच्यांत शिसें ओतून व जुनी नळी ठासून 'प्रयोग' करण्याचा मोह कांहीं मित्रांस होतो. अडीचशें वर्षांच्या गंजलेल्या नळीचा भरंवसा कोणी धरूं नये. आणि १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें हा गुन्हा आहे. प्रयोगाची गरजही नाहीं. गुळगुळीत नळींतून एकच भरीव गोळी सरळ कशी जावी, हा प्रश्न पुढें शिकारी बंदुकांसही आला. जर्मनींत १८९८ सालीं ब्रेनेके यानें मागें नमद्याची शेंपटी लावलेली गोळी काढली, १९३१ च्या सुमारास अमेरिकेंत फॉस्टर यानें मागून पोकळ अशी केली. दोन्हींत वजन पुढें घेऊन गोळी बाणासारखी तोंडावर राहील असें साधलें आहे. तारापूरच्या तोडेवाल्यापाशीं तें साधन नव्हतें. त्याच्यापाशीं सांचा, चिंधी व हाताची संवय एवढेंच होतें. बाजी भिवरावांस लागलेली गोळी त्या तीन गोष्टींनीं आली कीं नुसत्या योगायोगानें, हें सांगतां येणार नाहीं. पण कोटाच्या परिसरांतील गोळ्या ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं वजनें व देंठाच्या खुणा टिपून मंडळाकडे पाठविल्यास तेथील बंदुकांची यादी करतां येईल.