भाताचे रोगनिदान आणि मोबाईलचा कॅमेरा : सुरुवात कशी करावी?

रायगड जिल्ह्यात पनवेल, उरण, पेण व अलिबाग तालुक्यांत खाडीलगत खार जमिनी आहेत. या जमिनींत भाताच्या पानांचे शेंडे वाळू लागले की प्रश्न पडतो, हा कडा करपा की खाराचा परिणाम? दोन्हींत पान शेंड्याकडून वाळत येते, उपाय मात्र अगदी वेगळे आहेत. कारण खार असताना रोग समजून फवारणी केली तर औषध, मजुरी आणि मोलाचे आठ दिवस वाया जातात.

पूर्वी अशा वेळी रोप उपटून तज्ज्ञांकडे न्यावे लागे आणि पोहोचेपर्यंत ते कोमेजून जाई. आता कॅमेऱ्याचा मोबाईल बहुतेक घरांत आहे. परंतु आमच्याकडे येणारी बरीचशी छायाचित्रे एकाच वाळलेल्या पानाची आणि धूसर असतात. तेवढ्यावरून निदान होत नाही. म्हणून छायाचित्र कसे घ्यावे याची माहिती येथे देत आहोत.

डिजिटल कॅमेरा म्हणजे काय?

जुन्या कॅमेऱ्यात प्रकाश फिल्मवर पडत असे. डिजिटल कॅमेऱ्यात तो प्रकाशाला संवेदनशील अशा लहानशा चकतीवर पडतो. या चकतीवर बारीक बिंदूंच्या ओळी असतात व प्रत्येक बिंदू आपल्यावर पडलेला प्रकाश मोजतो. दहा लाख बिंदू म्हणजे एक मेगापिक्सेल. अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्यात फक्त १०,००० बिंदू होते आणि एक चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. आजच्या साध्या मोबाईलमध्येही कित्येक लाख बिंदू असतात. तेव्हा भारी मोबाईल घेण्याची गरज नाही. प्रकाश, स्थिर हात आणि योग्य अंतर या तीन गोष्टी सांभाळाव्यात.

तीन अंतरांवरून तीन छायाचित्रे

१) खाचराचे : बांधावर उभे राहून संपूर्ण खाचर दिसेल असे घ्यावे. खाराचा त्रास बहुधा ठिगळाठिगळाने दिसतो, म्हणजे सखल भागात, उघाडीजवळ किंवा जेथे बांधाला खांड जाऊन खाडीचे पाणी आत आले तेथे. तपकिरी तुडतुड्यांमुळे गोलाकार जळके पट्टे पडतात. ही खूण एका पानाच्या छायाचित्रात कधीच सापडणार नाही.

२) चुडाचे : गुडघ्यावर बसून एक पूर्ण चूड बुंध्यासह घ्यावा. जुनी पाने आधी वाळली की नवी, फुटवे किती आहेत, गाभा मेला आहे काय, हे यात कळते. मधला पोंगा सहज उपटून येत असेल तर खोडकिडीचा संशय घ्यावा आणि खोड उभे चिरून आतील अळीचेही छायाचित्र घ्यावे.

३) पानाचे : सुमारे एक वीत अंतरावरून घ्यावे. शेजारी निरोगी पान व मोजपट्टी ठेवावी. कडा करप्यात पिवळसर पट्टा पानाच्या कडेने नागमोडी खाली उतरतो. करप्याचे ठिपके होडीच्या आकाराचे, मध्ये राखाडी व कडेला तपकिरी असतात.

छायाचित्र घेताना घ्यावयाची काळजी

• भिंग स्वच्छ सुती कापडाने पुसावे. पावसाळ्यात त्यावर दमट वाफ बसते व चित्र धुरकट येते.
• सकाळी दव उतरल्यावर किंवा दुपार कलल्यावर छायाचित्र घ्यावे. भर दुपारच्या उन्हात पाने पांढरी दिसतात. ढगाळ दिवसाचा सारखा प्रकाश चांगला. फ्लॅश टाळावा, ओल्या पानावर त्याची चकाकी येते.
• खाचरातील पाण्यात आकाश चमकत असल्यास रोपे काळपट येतात. अशा वेळी पडद्यावर रोपाच्या जागी बोट टेकवावे. कॅमेरा बहुधा तेथील प्रकाश व स्पष्टता जुळवून घेतो.
• पडद्यावर बोटांनी चित्र मोठे करून छायाचित्र घेऊ नये. बऱ्याच मोबाईलमध्ये त्यामुळे बिंदू नुसते ताणले जातात, नवी माहिती मिळत नाही. त्यापेक्षा स्वतः जवळ जावे.
• वारा असल्यास पान तळहातावर धरावे, कोपरे अंगाशी टेकवावीत. प्रत्येक अंतरावरून दोन-तीन छायाचित्रे घ्यावीत व लगेच तपासावीत.

पाठवताना काय लिहावे?

वाण, पेरणी व लावणीची किंवा रहू टाकल्याची तारीख, दिलेली खते, शेवटची फवारणी आणि खारे पाणी शिरले असल्यास तो दिवस एवढे लिहावे. व्हॉट्सअॅपवर छायाचित्र साधे पाठवल्यास ते आक्रसते व त्यातील तारीख-ठिकाणाची नोंद निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ चित्र जसेच्या तसे पोहोचते.

छायाचित्राची मर्यादा

खाराची खात्री छायाचित्राने होत नाही, त्यासाठी मातीचा नमुना तपासावा. सर्वसाधारणपणे विद्युत वाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त असल्यास जमीन क्षारयुक्त मानतात. अशा जमिनीत गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे, बांध दुरुस्त करणे व पुढील हंगामात पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने विकसित केलेले पनवेल-१, पनवेल-२ किंवा पनवेल-३ यांसारखे क्षार सहन करणारे वाण घेणे, हा मार्ग आहे.

कडा करप्याची चाचणी मात्र घरीच करता येते. बाधित पानाचा ताजा तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात धरावा. थोड्या वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखा स्राव उतरला तर तो जिवाणूजन्य कडा करपा समजावा. पेल्यामागे काळे कापड धरून त्याचेही छायाचित्र पाठवावे. असा रोग आढळल्यास नत्राचा पुढील हप्ता तज्ज्ञांना विचारूनच द्यावा, कारण जादा नत्राने तो बळावतो.

छायाचित्रांची सवय इतरत्रही उपयोगी पडते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र घेऊन नोंद करावयाची असते. याशिवाय दर आठ दिवसांनी बांधावरील एकाच जागेवरून एक छायाचित्र घेऊन गट क्रमांकानुसार जपून ठेवावे. ठिगळ वाढते आहे की भरून येत आहे, हे मागील आठवड्याच्या चित्राशी ताडून पाहता येईल आणि फवारणीचा पंप उचलण्यापूर्वी तिची खरोखर गरज आहे की नाही, याचा विचार करता येईल.