फिश क्रोला साद घालणारा कॉल

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काळ्याकुळकुळीत कावळ्यांच्या दोन जाती एकाच भागात वावरतात : सर्वत्र आढळणारा अमेरिकन क्रो आणि अंगाने थोडा लहान फिश क्रो. आपल्याकडे गावकावळ्याची राखाडी मान दिसली की तो डोमकावळा नव्हे, हे लगेच कळते. अमेरिकेतल्या या दोन जातींत अशी ठळक खूण नाही. खात्रीने ओळखायचे तर आवाजावरूनच. म्हणून शिकारी त्यांना जवळ बोलावण्यासाठी तोंडाने फुंकायचा जो कॉल वापरतात, तो घेतानाही आधी जात ठरवावी लागते.

अमेरिकन क्रोची हाक भरदार, मोकळी आणि घोगरी असते. फिश क्रोची हाक आखूड, वरच्या पट्टीतली आणि नाकातून येणारी. अनेकदा तो एखाद्याने नकार द्यावा तसा ‘अंहं-अंहं’ असा जोडस्वर काढतो आणि त्यातला दुसरा स्वर किंचित उतरतो. समुद्रकिनारा, खाड्या आणि मोठ्या नद्यांचे काठ ही त्याची आवडती ठिकाणे. मिसिसिपीच्या खोऱ्यातून तो बराच आतपर्यंत पोहोचला आहे. किनाऱ्यापासून दूर, नदीचाही आधार नसलेल्या मुलखात खास त्याच्यासाठी कॉल घेण्यात अर्थ नाही.

कॉल ही एक प्रकारची पिपाणीच. लाकडाच्या, कडक रबराच्या किंवा ॲक्रिलिकच्या नळीत एक छोटी फळी आणि तिच्यावर पातळ पत्ती बसवलेली असते. फुंकर गेली की पत्ती थरथरते. तिचा मोकळा भाग जितका लांब, तितका सूर खाली. तो आखूड केला की सूर चढतो. निवडीतला सर्वांत महत्त्वाचा भाग ही पत्तीच आहे, नळीची सुबक घडण किंवा किंमत नव्हे. इलिनॉय राज्यातल्या पेकिन गावात १९०४ साली सुरू झालेल्या पी. एस. ऑल्ट कंपनीचे रबरी कॉल आणि हेन्री गावच्या चार्ल्स पर्ड्यू यांचे लाकडी कॉल आज संग्राहक जपून ठेवतात. मात्र बाजारातले बहुतेक कॉल अमेरिकन क्रोच्या खालच्या पट्टीला जुळवलेले असतात. फिश क्रोसाठी चढ्या सुराचा, किंवा पत्ती सरकवून सूर बदलता येईल असा कॉल पाहावा. लाकडाचा आवाज मऊ असतो, पण ते दमट हवेत फुगते. खाडीकाठी ॲक्रिलिक अधिक भरवशाचे.

सूर जुळला तरी हाकेचा अर्थ उरतोच. ह्यूबर्ट आणि मेबल फ्रिंग्ज या संशोधक दांपत्याने १९५०च्या दशकात कावळ्यांना त्यांच्याच हाका ध्वनिमुद्रित करून ऐकवल्या. काही हाकांनी थवा गोळा झाला, तर काहींनी तो पांगला. त्यामुळे एकच कर्कश स्वर काढणारा कॉल कितीही मोठ्याने वाजला तरी अपुरा पडतो. हलक्या फुंकरीत तुटक स्वर आणि जोर दिल्यावर लांब स्वर, असे दोन्ही त्यातून निघायला हवेत. अमेरिकन क्रोसाठी फुंकताना घशातून गुरगुरतात, म्हणजे खरखर येते. फिश क्रोसाठी ही गुरगुर टाळावी, फुंकर हलकी ठेवावी आणि नळीच्या तोंडावर पंजा अर्धवट मिटून आवाज दाबावा.

उन्हाळ्यात एक घोटाळा होतो. अमेरिकन क्रोची पिल्ले खाणे मागताना नाकातून ओरडतात, आणि ते फिश क्रोसारखेच ऐकू येते. त्या दिवसांत मूळ आवाज कानात बसवायचा तर नुसत्या पट्टीवर विसंबू नये, जोडस्वराची लय ऐकावी.

अमेरिकेत कावळ्यांना १९७२पासून स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याचे संरक्षण आहे. राज्यांना शिकारीचा हंगाम ठरवता येतो. पण तो वर्षात १२४ दिवसांपेक्षा जास्त नसावा आणि ऐन विणीच्या काळात नसावा, अशी अट आहे. रेव्हन हा मोठा काळा पक्षी या सवलतीत येत नाही. त्याचा आवाज खोल, घुमणारा असतो, म्हणून अगदी खालच्या सुराचा कॉल रेव्हनच्या मुलखात न वापरलेलाच बरा.