सदोष भागाचा खर्च कंपनीकडून कसा मिळवाल?
वॉरंटीच्या काळात मोटारीचा एखादा भाग निर्मितीतील दोषामुळे निकामी झाला आणि दुरुस्तीचा भुर्दंड मालकालाच सोसावा लागला, तर ती रक्कम कंपनीकडे मागता येते. मात्र, दोष सिद्ध करण्याची जबाबदारी ग्राहकावर असते. त्यामुळे काढलेला जुना भाग गॅरेजमध्ये न सोडता ताब्यात घ्यावा. जॉब कार्ड व बिलही जपून ठेवावे. प्रथम कंपनीकडे लेखी मागणी करावी. दाद न मिळाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत राहत्या जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. दोषाची खातरजमा करण्यासाठी आयोग तो भाग प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. भागच भंगारात गेला असेल, तर ग्राहकाची बाजू लंगडी पडते.