फडणिसाचा नकार

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी, दारातील पणत्या नुकत्याच लागल्या असताना आणि माजघरात चकलीचा घाणा चालू असताना, शिक्षणासाठी आमच्याकडे राहणारा माझा भाचा आपल्या खोलीतून असा काही ओरडला की, घरातील दोन माणसे हातातले काम टाकून धावली. दुपारीच त्याने मुंबईहून, ज्या रस्त्याला सरकारदरबारी डॉ. भडकमकर मार्ग म्हणतात आणि उभा महाराष्ट्र लॅमिंग्टन रोड म्हणूनच ओळखतो त्या रस्त्यावरून, एक नवे ग्राफिक्स कार्ड आणले होते. स्वतःच्या हातांनी ते संगणकात बसविले होते. आणि दोन तास सर्व काही सुरळीत चालल्यावर एक खेळ सुरू केल्यावर दहाव्या मिनिटास पडदा काळा होऊन पंख्यांसह सारे यंत्र निपचित पडले होते. बटण दाबले तरी ढिम्म. "मामा, मेलं रे हे!" एवढेच तो म्हणाला. आयुष्याची तीस वर्षे मी विद्युत उपकरणांच्या देखभालीत घालविली असल्यामुळे अशा मृत्युवार्तांवर माझा सहसा विश्वास बसत नाही. मी भिंतीवरचे बटण बंद केले, चहा होईपर्यंत तसेच राहू दिले आणि पुन्हा लावले. यंत्र निमूटपणे सुरू झाले.

नवा भाग बसविल्यानंतर संगणक बंद पडला की मनुष्य दोन टोकांच्या निष्कर्षांवर जातो: एक तर नवा भागच सदोष निघाला, नाही तर आपल्या हातून जुने यंत्र जळाले. वस्तुतः या दोहोंहून पुष्कळच अधिक वेळा घडते ते असे की, यंत्रातील एका घटकाने जाणूनबुजून नकार दिलेला असतो. तो घटक म्हणजे कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसविलेली ती पत्र्याची पेटी, जिला बाजारात सर्वजण एसएमपीएस म्हणतात. पेशवाईत जमाखर्चाचा तपास फडणिसाकडे असे. संगणकाच्या दौलतीत ते काम या पेटीचे. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज घेऊन तिची १२, ५ आणि ३.३ व्होल्टची एकदिश वीज करणे हे तिचे उघड काम. परंतु कोणी मर्यादेबाहेर उचल केली, कोठे दोन तारांचा भलताच संयोग झाला, कोठे व्होल्टता घसरली वा चढली, तर तत्क्षणी खजिना बंद करणे हे तिचे दुसरे आणि माझ्या मते अधिक मोलाचे काम होय. हा नकार कोणत्या क्षणी आला, याची नीट नोंद केली म्हणजे निम्मी तहकीकात पुरी होते.

त्यासाठी बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत काय घडते ते पाहणे अगत्याचे आहे. १९९५ साली इंटेल कंपनीने एटीएक्स नावाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्याची चौकट आजही बहुतेक मेजावरील संगणकांत पाळली जाते. त्यानुसार भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत जांभळ्या तारेतून ५ व्होल्टची बारीकशी धार मदरबोर्डला सतत मिळत असते; संगणक बंद असतानाही बोर्डावरचा एखादा दिवा मिणमिणतो तो हिच्याच बळावर. आपण दर्शनी बटण दाबतो तेव्हा आपण वीज सोडीत नसतो, मदरबोर्डकडे केवळ अर्ज करीत असतो. मदरबोर्ड मग हिरवी तार जमिनीच्या पातळीस, म्हणजे शून्य व्होल्टवर खेचतो आणि एसएमपीएस जागे होते. पिवळी तार १२ व्होल्ट, तांबडी ५ आणि नारिंगी ३.३ व्होल्ट देऊ लागते. या तिन्ही रकमा ठरल्या मर्यादेत स्थिर झाल्यावर एसएमपीएस १०० ते ५०० मिलिसेकंदांच्या आत करड्या तारेवरून 'सर्व ठीक' असा दाखला धाडते, आणि तो दाखला हाती पडल्याखेरीज प्रोसेसर पहिली आज्ञासुद्धा वाचीत नाही. (अलीकडे पुष्कळ केबली सरसकट काळ्या येतात, तेथे रंग शोधू नयेत, जागा मोजाव्यात.)

आता आमच्या मामल्यातील नकार आला तो यंत्र पूर्ण भाराखाली असताना. लिहिणेवाचणे, चित्रपट पाहणे निर्वेध चालते आणि खेळ लावताच अंधार होतो. आणि त्यानंतर भिंतीवरचे बटण काही काळ बंद केल्यावाचून यंत्र दाद देत नाही, ही दुसरी खूण तर फारच बोलकी, कारण संरक्षक व्यवस्थेने एकदा लावलेली कडी बहुधा मुख्य वीज तोडल्यावाचून निघत नाही. उलट, प्रोसेसर तापल्यामुळे यंत्र बंद होते तेव्हा बहुधा आधी त्याचा वेग मंदावतो आणि पंखे किंचाळू लागतात. विंडोजच्या नोंदवहीत अशा वेळी 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद सापडते आणि ती पाहून पुष्कळांना गुन्हेगार गवसल्याचा आनंद होतो. परंतु यंत्र रीतसर बंद झाले नाही, याहून अधिक काहीही ती नोंद सांगत नाही. पंचनाम्यात 'इसम मृतावस्थेत आढळला' असे लिहिले म्हणून खुनी सापडला असे कोणी म्हणत नाही.

मी प्रथम ते नवे कार्ड काढावयास लावले. एका वेळी एकच बदल करावा, हा या विद्येतील मूळ नियम. मदरबोर्डच्या स्वतःच्या चित्रजोडणीवर यंत्र तासभर भरपूर राबविले. काही झाले नाही. मग विजेरी घेऊन जुन्या एसएमपीएसच्या अंगावरची चिठ्ठी वाचली. वर ठसठशीत अक्षरांत '४५० वॅट' आणि खाली, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, प्रत्येक व्होल्टतेस किती अँपिअर मिळतील याचा तक्ता. १२ व्होल्टच्या रकान्यात आकडा होता १८. बारा गुणिले अठरा म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन मोठे खर्चिक जवळजवळ सगळी उचल या १२ व्होल्टच्या खात्यावरच करतात, आणि त्या खात्यात घोषित रकमेच्या निम्मीही शिल्लक नव्हती.

भाच्यास मी कागद-पेन्सिल घेऊन बसविले. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ १०४००: खोक्यावर ६५ वॅट, परंतु जोर लावतेवेळी थोडा काळ १३४ वॅटपर्यंत घेण्याची त्याला मुभा. नवे कार्ड आरटीएक्स ३०६०: त्याचे १७० वॅट. दोहोंची बेरीज ३०४. पंखे, बोर्ड आणि डिस्क यांची किरकोळ मागणी वेगळीच. कार्ड नव्हते तेव्हा सारा खर्च २१६ च्या आत बसत होता, म्हणून चार वर्षे तक्रार आली नाही. कार्ड आले आणि अंदाजपत्रक कोसळले. त्या कार्डासाठी त्याच्या निर्मात्यांनी ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केलेली असते, ती उगीच नव्हे. आधुनिक कार्डे क्षणार्धासाठी आपल्या सरासरीच्या कितीतरी वर उसळी घेतात. ती उसळी इतकी अल्पकालीन असते की साधा मल्टीमीटर तिची दखलही घेत नाही, मात्र एसएमपीएसचे संरक्षण घेते. २०२२ च्या एटीएक्स ३.० या सुधारित आराखड्यात अशा कार्डांसाठीच्या एसएमपीएसने घोषित शक्तीच्या दुप्पट मागणीही १०० मायक्रोसेकंदांपुरती सोसावी, अशी तरतूद करावी लागली ती याच कारणाने.

विजेच्या वाटाही मोजून दिलेल्या आहेत. कार्ड ज्या खाचेत बसते ती खाच ७५ वॅट देते. सहा टोकांची जोडणी आणखी ७५. आठ टोकांची १५०. डिस्कसाठी असलेल्या किरकोळ तारांना जोडतुकडे लावून त्यांवर कार्ड चालविणे म्हणजे वाटसरूंच्या पाऊलवाटेवरून तोफगाडे नेणे होय. सोळा टोकांची जी नवी जोडणी ६०० वॅटपर्यंत वाहते, ती तर शेवटपर्यंत घट्ट बसलीच पाहिजे. २०२२ मध्ये अशा काही जोडण्या वितळल्या, त्यांत अर्धवट बसविलेली टोके हे एक कारण ठरले आणि पुढल्याच वर्षी तिची रचना सुधारण्यात आली.

धनत्रयोदशीस खरेदी शुभ, या सबबीवर ६५० वॅटचे नवे एसएमपीएस घरी आले. त्याच्या केबली सुट्या होत्या. भाच्याच्या खणात दुसऱ्या एका एसएमपीएसच्या तशाच केबली पडल्या होत्या, त्या अधिक लांब असल्याने वापरण्याचा त्याचा विचार होता. तो मी हाणून पाडला. केबलीचे जे टोक मदरबोर्डात वा डिस्कमध्ये जाते त्याला नियम आहे. जे टोक एसएमपीएसमध्ये जाते त्याला सर्वमान्य नियम नाही. दोन कंपन्यांच्या केबली दिसावयास जुळ्या असूनही एकीत जेथे ५ व्होल्ट तेथे दुसरीत १२ असू शकतात, आणि वर्षानुवर्षांची छायाचित्रे साठविलेली डिस्क क्षणात राख होते. तसेच प्रोसेसरची आठ टोकांची जोडणी आणि कार्डाची आठ टोकांची जोडणी या सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात, परंतु त्यांच्या तारांचा क्रम उलट असतो. बळजबरीने बसवू नये.

रात्री जोडणी पुरी झाली. बटण दाबले, पंख्याने पाव वळसा घेतला आणि तो थांबला. पुन्हा दाबले, पुन्हा पाव वळसा. भाच्याचा चेहरा उतरला, पण मला बरे वाटले, कारण असा अर्ध्या सेकंदाचा नकार म्हणजे बहुधा 'शॉर्ट'ची जबानी असते: खजिना उघडताच पैसा भलत्याच वाटेने वाहू लागल्याचे पाहून फडणीस झाकण मिटतो. मी विचारले, "जुन्या पेटीचे स्क्रू किती काढलेस?" "चार." "मोज." वाटीत तीनच होते. वीज तोडून कॅबिनेट आडवे केले, हलकेच तिरके केले, आणि मदरबोर्ड व मागचा पत्रा यांच्या फटीतून चौथा स्क्रू टण्णकन फरशीवर पडला. त्या रात्री एसएमपीएसने आडमुठेपणा केला नसता, तर तो स्क्रू मदरबोर्डास भोवला असता.

तिसरा नकार मी थोडक्यात आटोपतो, कारण तो खरा नकारच नव्हता. पंखे फिरत होते, दिवे लागत होते आणि पडदा मात्र काळा. येथे वीज पोहोचलेली असते. चौकशी पुढच्या खात्याकडे वळवावी. रॅमच्या पट्ट्या काढून एकेक करून पुन्हा बसवाव्यात. प्रोसेसर बदलला असल्यास जुन्या बायोसला त्याची ओळख आहे काय, ते मदरबोर्डच्या निर्मात्याच्या यादीत पाहावे. डीडीआर-५ रॅम असल्यास पहिल्या खेपेस काही मिनिटे धीर धरावा, कारण ते यंत्र त्या वेळी रॅमशी जुळवून घेत असते आणि अधीर मनुष्य नेमके तेव्हाच बटण दाबतो. आमच्या बाबतीत मॉनिटरची केबल कार्डाऐवजी अजून मदरबोर्डलाच जोडलेली होती.

जेथे बटण दाबूनही काडीमात्र हालचाल होत नाही, तेथे क्रम साधा आहे: भिंतीचे बटण, एसएमपीएसच्या पाठीवरचे बटण, चोवीस टोकांची जोडणी आणि दर्शनी बटणाची ती सुतासारखी तार, जी नवा भाग बसविताना कोपराच्या धक्क्याने निसटते. एसएमपीएस मोकळे करून यू-पिनने हिरवी व काळी तार जोडल्यास पंखा फिरतो. परंतु पेटी जागी होते एवढेच त्याने सिद्ध होते, भार पेलते हे नव्हे. भार असताना १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ च्या दरम्यान माप यावयास हवे. मात्र पेटी स्वतः कधीही उघडू नये. तिच्या पोटातील कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब प्लग काढल्यावरही काही काळ टिकून असतो.

घराच्या विजेचाही विसर पडू नये. जुना ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, आणि कार्ड वाढविल्यावर तोच दिवे जाताच माघार घेतो. जुन्या वाड्यांतून अर्थिंग नावालाच असते. तेथे कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात, कारण एसएमपीएसच्या गाळणीतील कपॅसिटर पत्र्यास सुमारे निम्म्या दाबावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत ठेवतात. प्रवाह क्षीण असतो; तरीही त्यावर उपाय चपला घालून बसणे हा नसून वायरमनला बोलावणे हा आहे.

पाडव्यास आमच्या पेठेतील व्यापाऱ्यांनी नव्या वह्या घातल्या. त्याच दुपारी भाच्याच्या खोलीत डोकावलो, तेव्हा खेळ सुखेनैव चालला होता आणि कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर त्याने एक चिठ्ठी डकविली होती: जमा, १२ व्होल्टच्या खात्यावर किती, नावे, प्रोसेसर १३४, कार्ड १७०, किरकोळ अमुक, शिल्लक तमुक. सर्वांत खाली त्याने लिहिले होते: 'स्क्रू: चार.'