पाळीचं पॅड जातं कुठे?

आम्ही भांडुप पश्चिमेच्या डोंगरावरच्या बचत गटातल्या बायका. एरवी आमचं बोलणं हप्ते, व्याज आणि कर्जफेड यावरच चालतं. आज विषय वेगळा आहे. घरात पुरुषमाणूस बसला असेल तर रेडिओचा आवाज कमी करू नका. विषय पाळीचा आहे, आणि तिचा खर्च आणि तिचा कचरा सगळ्या घराचा असतो.

सुरुवात झाली ती आमच्या गल्लीतला सार्वजनिक संडास तुंबला तेव्हा. बायकांच्या बाजूचे चारही संडास बंद. तीन दिवस आम्ही पहाटे अंधारात खालच्या गल्लीत जाऊन रांग लावली. चौथ्या दिवशी साफ करायला एक माणूस आला. हातात मोजे नाहीत, नुसता बांबू आणि तार. त्याने आतून जे बाहेर काढलं ती पॅड होती. एक-दोन नव्हेत, बादली भरली. आम्ही बाजूला उभ्या होतो आणि कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतो. त्या आठवड्याच्या बैठकीत आमच्या सगळ्यात वयस्कर मावशींनी विचारलं, "ती पॅड काय परगावच्या बायकांची होती का गं? आपलीच ना?" तिथून आम्ही हा विषय हातात घेतला.

आधी पॅडमध्ये असतं काय, ते बघू. आपण त्याला कापसाचं समजतो. प्रत्यक्षात बाजारातल्या बहुतेक पॅडचा वरचा जाळीदार थर प्लॅस्टिकचा असतो आणि खालचा थरही प्लॅस्टिकचाच. मधे लाकडाचा लगदा आणि पाणी शोषून फुगणारी पावडर असते. ही पावडर रक्त धरून ठेवते, म्हणून पॅड कोरडं वाटतं. पण तेच पॅड संडासात टाकलं की पाणी पिऊन फुगतं आणि पाइपात अडकतं.

आता हिशेब करू, हिशेब हे आपलं कामच आहे. एका पाळीला १५ पॅड धरली तर वर्षाला १८०. तेराव्या वर्षापासून अठ्ठेचाळिसाव्यापर्यंत ३५ वर्षं. गरोदरपणाचे महिने वगळले तरी एका बाईची सहा हजारांच्या आसपास पॅड होतात. एक पॅड ६ रुपयांचं धरलं तर महिन्याला ९० रुपये. घरात आई आणि दोन मुली असतील तर २७० रुपये, वर्षाचे ३,२४०. आमच्या गटात इतक्या रकमेसाठी बायका कर्जाचा अर्ज करतात.

ही पॅड जातात कुठे? मुलुंडचं डम्पिंग २०१८ साली बंद झालं. तेव्हापासून मुंबईचा बहुतेक कचरा हायवेपलीकडे, खाडीच्या बाजूला, कांजूरमार्गला जातो. वारा इकडे फिरला की जो वास घरात येतो, त्यात आपलाही वाटा आहे. पण डम्पिंगला पोचण्याआधी हा कचरा माणसांच्या हातातून जातो. काळ्या पिशवीत काय आहे ते दिसत नाही, मग भंगार वेचणारी बाई ती पिशवी हाताने उघडते.

पुण्यात 'स्वच्छ' नावाची कचरावेचक बायकांची सहकारी संस्था आहे. २०१३ साली या बायकांनी वापरलेली पॅड थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवून दिली होती. म्हणणं एवढंच, की माल तुम्ही विकता, तर त्याच्या कचऱ्याची काही सोय करा. पुढे पुण्यातच लाल ठिपक्याची मोहीम झाली. पॅड कागदात गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे न उघडताच आत काय आहे ते कळतं. २०१६ च्या घनकचरा नियमांतही पॅड नीट गुंडाळून, कंपनीने दिलेल्या पाकिटात किंवा दुसऱ्या योग्य कागदात, सुक्या कचऱ्यात टाकायला सांगितलं होतं. लाल ठिपक्याला एक स्केचपेन पुरतं. आमच्या गल्लीत आम्ही पहिलं काम हेच केलं.

दुसरं काम, पॅडच कमी कशी वापरायची ते शोधणं. तीन वाटा आहेत. तिन्हींचं चांगलं-वाईट सांगतो.

पहिली वाट, शिवलेलं कापडी पॅड. हे आजीच्या वेळचं फडकं नाही. आत फलालीनचे किंवा सुती कापडाचे थर, खाली गळू नये म्हणून अस्तर, बाजूला पंख आणि टिच बटण. शिवणकाम येणारी बाई हे घरी शिवू शकते. सहा पॅड असली की पाळी निघते आणि नीट धुतली तर दोन-तीन वर्षं टिकतात. धुताना आधी गार पाण्यात भिजवायचं, कारण गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग साबणाने धुऊन उन्हात वाळवायचं. खरी गोम इथेच आहे. आपण पाळीचं कापड साडीखाली, मोरीच्या कोपऱ्यात वाळत घालतो. ते दमट राहतं, आणि खाज, जंतुसंसर्ग होतो. दोष कापडाचा नाही, लपवण्याचा आहे. आम्ही आता सरळ दोरीवर घालतो. पहिल्या दिवशी समोरच्या घरातल्या एका काकांनी तोंड फिरवलं. आठवड्याने फिरवायचे थांबले. पावसाळ्यात मात्र कापड वाळत नाही हे खरं आहे. त्या महिन्यांत आमच्यातल्या काही जणी पॅडच घेतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरी वाट, कप. हा मऊ सिलिकॉनचा छोटा पेला असतो. घडी घालून योनिमार्गात बसवायचा. तो रक्त शोषत नाही, साठवतो. आठ ते बारा तासांनी काढून, ओतून, धुऊन परत बसवायचा. पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यावर पाच मिनिटं पाण्यात उकळायचा. नीट वापरला तर एक कप दहा वर्षांपर्यंत चालू शकतो. २०१९ साली 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात जगभरातल्या ४३ अभ्यासांचा आढावा छापून आला. त्यात दिसलं की कप वापरताना गळण्याचं प्रमाण पॅडइतकंच किंवा त्याहून कमी असतं, पण सवय व्हायला काही महिने लागतात. त्याच वर्षी केरळातल्या अलप्पुळा नगरपालिकेने ५,००० कप बायकांना मोफत वाटले. २०१८ च्या पुरात कचऱ्याचा प्रश्न तिथे फार जाणवला होता.

कपाबद्दल आमच्या बैठकीत विचारलं गेलं ते सगळं सांगतो. कप आत हरवतो का? नाही, वरचा मार्ग गर्भाशयाच्या तोंडाशी संपतो. लघवी अडते का? नाही, ती वाट वेगळी. पाणी कमी असलं तर? दिवसातून दोन-तीनदा रिकामा करायचा असतो, त्यामुळे उलट पाणी कमी लागतं. सार्वजनिक संडासात जाताना छोटी बाटली न्यायची. हात मात्र साबणाने धुतलेले हवेत, यात सूट नाही. तांबी बसवलेल्या बाईने आधी डॉक्टरांना विचारावं, कारण कप ओढताना तांबी सरकू शकते. बाळंतपण नुकतंच झालं असेल किंवा संसर्ग असेल तरी आधी डॉक्टर. लग्न न झालेल्या मुलीने वापरावा का, हे तिने स्वतः ठरवावं. शरीरातल्या पडद्यावर कोणाची अब्रू मोजली जाऊ नये, एवढं आम्ही म्हणतो.

तिसरी वाट, कुजणारी पॅड. गोव्यात डिचोली तालुक्यात जयश्री परवार आणि बचत गटातल्या बायका पाइन लाकडाच्या लगद्यापासून 'सखी' पॅड बनवतात. आपल्यासारख्याच बायका, म्हणून अभिमान वाटतो. पण घेताना पाकीट नीट वाचा. जनऔषधी केंद्रात १ रुपयाला मिळणारं 'सुविधा' पॅड स्वस्त आहे, ज्यांना परवडत नाही त्यांना मोठा आधार आहे. त्याला 'ऑक्सो-बायोडिग्रेडेबल' म्हणतात, म्हणजे प्लॅस्टिक लवकर तुटावं म्हणून त्यात एक रसायन घातलेलं असतं. लगद्याचं पॅड मातीत मिसळणं वेगळं आणि हे वेगळं. आणि कुजणारं पॅडही प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डम्पिंगला गेलं, तर कुजायला हवा-माती मिळणार कुठून?

आमच्या गटात काय झालं? सहा जणींनी कप घेतला. चौघींना जमला, एकीने दोन महिन्यांनी सोडला, एकीने डब्यात ठेवून दिलाय. नऊ जणी कापडी पॅडवर आल्या. बाकीच्या जुन्याच पॅडवर आहेत, पण आता कागद आणि लाल ठिपका आहे. कपासाठी आम्ही गटातून बिनव्याजी पैसे दिले, चार हप्त्यांत फेडायचे. त्यानंतर आमचा संडास पॅडने तुंबलेला नाही.

तुम्हीही एकदम सगळं बदलू नका. पहिल्या महिन्यात फक्त रात्री कापडी पॅड वापरून बघा, घरात असताना बघा. मुंबई महापालिकेने २०२५ साली हा कचरा वेगळा नेण्याची सेवा सुरू केली आहे. त्यासाठी नाव नोंदवावं लागतं. आपल्या वस्तीसाठी काय करता येईल, ते दहा जणींनी मिळून एस वॉर्डाच्या ऑफिसात जाऊन विचारा. एकटीला बाकावर बसवून ठेवतात, दहा जणींना उत्तर द्यावं लागतं.

आणि आज पॅड टाकताना एवढंच आठवा, की ते पुढे कोणाच्या तरी हातात जाणार आहे. निदान कागदात गुंडाळा आणि लाल ठिपका काढा. पुढच्या बैठकीत भेटू.